तांबेऱ्याच्या मागे लागलेला गणिती : विल्यम फॅरर



ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना 'तांबेरा' हा शब्द नव्याने सांगायला नको. श्रावण-भाद्रपदात पावसाची झड लागून राहिली, हवा गार आणि दमट झाली की सोयाबीनच्या खालच्या पानांवर, पाठीमागच्या बाजूने, बारीक तपकिरी फोड दिसू लागतात. पान चोळले की बोटाला तांबूस भुकटी लागते. मग रोग वर चढतो, हिरवे शेत पिवळे पडते, पाने अवेळी गळतात आणि शेंगेत दाणा भरत नाही. १९९४ पासून आपल्या सीमाभागात आणि कृष्णाकाठी या रोगाने सोयाबीनला वरचेवर गाठले आहे. औषध फवारता येते. पण त्याला पैसे पडतात, आणि भर पावसात फवारणीपुरती उघडीप मिळेलच असे नाही. त्यापेक्षा ज्याला तांबेरा लागतच नाही, किंवा लागला तरी जे तग धरते, असे वाणच शोधले तर?

आज हा प्रश्न साधा वाटतो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी तो साधा नव्हता. तेव्हा या प्रश्नाच्या पाठीमागे लागून ज्यांनी उरलेले आयुष्य वेचले, त्या विल्यम जेम्स फॅरर यांची ओळख या अंकात करून घेऊ. त्यांचे पीक सोयाबीन नव्हे, गहू. आणि त्यांची कर्मभूमी ऑस्ट्रेलिया. तरीही त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गव्हात आपल्या देशातल्या एका जिल्ह्याचे रक्त होते, ते कसे ते पुढे येईलच.

फॅरर यांचा जन्म ३ एप्रिल १८४५ रोजी इंग्लंडच्या उत्तरेकडील वेस्टमोरलंड परगण्यात, डॉकर या ठिकाणी झाला. वडील शेतकरी. मुलगा हुशार निघाला. लंडनच्या 'ख्राइस्ट्स हॉस्पिटल' या शाळेत (नाव हॉस्पिटल असले तरी ती शाळाच आहे) त्याने गणितात पदके मिळवली आणि शिष्यवृत्तीवर तो केंब्रिजच्या पेंब्रोक कॉलेजात गेला. पुढे १८९९ साली आपले रँग्लर परांजपे गणितात पहिले आले ते याच केंब्रिज विद्यापीठात. फॅरर यांनी १८६८ साली पदवी घेतली आणि वैद्यकीय शिक्षणास आरंभ केला. पण डॉक्टर होऊ पाहणाऱ्या या तरुणाला स्वतःलाच क्षयाने गाठले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. कोरड्या, उबदार हवेत जाऊन राहावे, एवढाच काय तो सल्ला. म्हणून १८७० साली, पंचविसाव्या वर्षी, ते ऑस्ट्रेलियात आले.

जमीन घेऊन मेंढ्या पाळाव्यात असा त्यांचा बेत होता. पण जवळचा पैसा खाणींच्या शेअरमध्ये गेला आणि बुडाला. मग ड्ंट्रून येथील कॅम्बेल या जमीनदार कुटुंबात त्यांनी मुलांची शिकवणी धरली. सध्याचे कॅनबेरा शहर ज्या परिसरात वसले, तोच हा भाग. शिकवणी करता करता १८७३ साली त्यांनी गवत आणि मेंढपाळी यांवर एक छोटी पुस्तिका लिहिली. स्वतःजवळ एक मेंढी नसताना मेंढपाळीवर पुस्तिका! पण शेतीच्या प्रश्नाकडे गणितासारखे, पायरी पायरीने पाहण्याची सवय तेव्हापासूनची दिसते. १८७५ साली ते सर्व्हेअरची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढची अकरा वर्षे सरकारी जमीन-मोजणी खात्यात होते. साखळी आणि दुर्बीण घेऊन न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात त्यांनी पुष्कळ पायपीट केली आणि ठिकठिकाणची गव्हाची शेते पाहिली. ती शेते तांबेऱ्याने जळालेली होती.

इथे थोडे थांबून तांबेरा म्हणजे काय ते पाहू. ही एक बुरशी आहे, आणि ती फक्त जिवंत झाडावरच जगते. तिचे बीजाणू डोळ्यांना न दिसण्याइतके बारीक असतात आणि वाऱ्याबरोबर शेकडो मैल जातात. पानावर दव असले की बीजाणू रुजतो, आत शिरतो आणि पेशींतले अन्न शोषू लागतो. आठ-दहा दिवसांत पानाची त्वचा फाडून नवे हजारो बीजाणू बाहेर पडतात. सोयाबीनवरची बुरशी वेगळी आणि गव्हावरची वेगळी. एकीचा रोग दुसऱ्या पिकाला लागत नाही. पण चाल तीच. गव्हावर खोडाचा तांबेरा आला तर दाणा जिऱ्यासारखा चिमून जातो. ऑस्ट्रेलियात किनाऱ्याजवळच्या दमट पट्ट्यात तांबेऱ्यामुळे गहू परवडेनासा झाला आणि शेतकरी आतल्या कोरड्या मुलखाकडे सरकले. तिथे तांबेरा थोडा कमी, पण पाऊसही कमी. युरोपातून आणलेले गहू उशिरा पिकणारे. त्यांना एक तर तांबेरा गाठी, नाही तर उन्हाळा.

१८८२ साली फॅरर यांनी वर्तमानपत्रातून मत मांडले की, तांबेऱ्याला तोंड देणारे गहू निवडून आणि संकर करून तयार करता येतील. त्यावर टीका झाली. ज्याने कधी नांगर धरला नाही असा हा पुस्तकी पंडित, असा तिचा सूर होता. हा आरोप त्यांना लागला असावा, कारण त्यानंतर त्यांनी वाद घालण्याऐवजी बियाणे गोळा करायला सुरुवात केली. त्याच वर्षी नीना द सालिस यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता. १८८६ साली नोकरी सोडून ते पत्नीसह मरंबिजी नदीच्या काठी, सासऱ्यांच्या वतनाला लागून असलेल्या जमिनीवर राहायला गेले. जागेला नाव दिले लॅम्ब्रिग, आपल्या जन्मगावाजवळच्या डोंगराचे.

१८८९ साली तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि वसाहतींच्या सरकारांना जाग आली. त्या वेळी ऑस्ट्रेलिया हे एक राष्ट्र नव्हते, सहा निरनिराळ्या वसाहती होत्या. १८९० ते १८९६ या काळात या वसाहतींच्या प्रतिनिधींच्या केवळ गव्हाच्या तांबेऱ्यावर पाच परिषदा भरल्या. परिषदांमध्ये चुन्यापासून मोरचुदापर्यंत नाना उपाय सुचवले जात. फॅरर यांचे म्हणणे मात्र एकच राहिले : गहू बदला. आणि १८८९ सालीच त्यांनी पहिले संकर केले होते.

गव्हाचा संकर करणे हे चिकाटीचे काम आहे. गव्हाच्या ओंबीतल्या प्रत्येक फुलात तीन पुंकेसर असतात, आणि फूल उमलण्याआधीच त्याचे स्वतःचे परागीभवन उरकून जाते. म्हणून ओंबी कोवळी असतानाच, पराग पिकण्याआधी, एकेक फूल चिमट्याने उघडून तिन्ही पुंकेसर काढून टाकायचे. एखादा जरी राहिला तर सगळे व्यर्थ. मग दुसऱ्या जातीचे पराग आणून स्त्रीकेसरावर ठेवायचे आणि ओंबी झाकायची. एवढे करून हाती येतात ते मूठभर दाणे. पहिल्या पिढीत सगळी रोपे सारखी दिसतात. खरी गंमत दुसऱ्या पिढीत. एकाच आईबापाची भावंडे, पण कोणी उंच, कोणी ठेंगणे, कोणी लवकर पिकणारे, कोणी उशिरा. कोणावर तांबेऱ्याचा लेप, कोणावर चार ठिपके. फॅरर ओळीओळीतून फिरत, प्रत्येक झाड पाहत, वहीत पेन्सिलीने नोंद करत आणि बहुतेक झाडे टाकून देत. दहावीच्या विज्ञानात आपण मेंडेलचे नियम शिकतो. मेंडेलचा निबंध १८६६ सालीच छापून झाला होता, पण तो विस्मृतीत पडला होता आणि १९०० साली पुन्हा उजेडात आला. म्हणजे फॅरर यांनी आपले महत्त्वाचे संकर केले तेव्हा मेंडेल त्यांना ठाऊक नव्हता. दुसऱ्या पिढीत विविधता फुटते आणि निवड तिथेच करायची, हे त्यांनी स्वतःच्या शेतात पाहून ठरवले.

झाडे पारखण्याच्या या कामात एक अडचण असते. रोगच आला नाही तर परीक्षा कशी घेणार? कोरड्या वर्षी सगळेच वाण निरोगी दिसतात. आणि रोग आला तर तो किती आला, हे दोन माणसांनी दोन प्रकारे सांगून चालत नाही. सरकारी वनस्पतिरोगतज्ज्ञ नेथन कॉब हे त्या काळात फॅरर यांचे सहकारी होते. कॉब यांनी १८९२ साली पानाचा किती भाग तांबेऱ्याने व्यापला आहे हे दाखवणारी चित्रे काढून त्यांचा एक तक्ता केला. शेतातले पान चित्राशी ताडायचे आणि आकडा लिहायचा. त्या तक्त्याची सुधारलेली आवृत्ती गहू तपासणारे शास्त्रज्ञ आजही वापरतात. जाड, मेणचट सालीच्या पानात तांबेरा शिरू शकत नाही, असा कॉब यांचा सिद्धान्त होता. तो पुढे फारसा टिकला नाही. प्रतिकारक झाडांत बहुधा बुरशी आत शिरते, पण तिने धरलेल्या पेशी झाड स्वतःच मारून टाकते, आणि जिवंत पेशीवाचून बुरशी उपाशी मरते. सिद्धान्त गेला, तक्ता राहिला.

आपल्या जिल्ह्यात हे काम कसे चालते ते मुलांनी जाणून घेण्यासारखे आहे. कृष्णाकाठचे उगार खुर्द हे ठिकाण सोयाबीनच्या तांबेऱ्याचे माहेरघर समजले जाते, म्हणून देशभरातले वाण तपासण्यासाठी तिथे पेरले जातात. तपासायच्या वाणांच्या मध्ये आणि कडेने जेएस ३३५ सारखे तांबेऱ्याला चटकन बळी पडणारे वाण मुद्दाम लावतात. शेतकरी जो रोग टाळायला धडपडतो, तो इथे बोलावून आणतात! मग रोग पसरला की प्रत्येक ओळीतली पाने पाहून शून्य ते नऊ असे गुण देतात. इथे शून्य मिळवणारा पहिला. पानावर फिकट, भुकटी सांडणारे फोड असतील तर वाण कच्चे; लालसर तपकिरी, कोरडे डाग पडून रोग तिथेच थांबला असेल तर झाडाने लढत दिली असे समजायचे. अशा तपासणीत ईसी २४१७७८ हा बाहेरून आणलेला सोयाबीनचा नमुना टिकला. जेएस ३३५ शी त्याचा संकर करून धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने डीएसबी २१ हे तांबेरा-प्रतिकारक वाण दिले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रज केंद्रातून आलेले फुले संगमही अनेक पालकांच्या परिचयाचे असेल. चिमटा तोच, वही तीच. पीक फक्त वेगळे.

आता फॅरर यांच्या गव्हात भारत कसा आला ते पाहू. त्यांनी अनेक देशांतून बियाणे मागवले होते. कॅनडाच्या फाइफ गव्हाचे पीठ उत्तम, पाव छान फुगणारा; पण हे गहू फार उशिरा पिकत. भारतीय गहू लवकर पिकणारे आणि कमी पाण्यावर येणारे. स्थानिक 'पर्पल स्ट्रॉ' उत्पन्नाला चांगला, पण तांबेऱ्यापुढे दुबळा. फॅरर यांनी सुधारित फाइफचा संकर 'इटावा' नावाच्या भारतीय गव्हाशी केला. इटावा म्हणजे आजच्या उत्तर प्रदेशातला, यमुनेकाठचा जिल्हा. या संकरातून निघालेल्या 'यांडिला' गव्हाचा पुन्हा पर्पल स्ट्रॉशी संकर केला. कॅनडा, भारत आणि ऑस्ट्रेलिया अशा तीन मुलखांच्या या नातवाचे नाव 'फेडरेशन'. १ जानेवारी १९०१ रोजी सहा वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले, त्यावरून ते ठेवले.

इथेच फॅरर यांच्या आयुष्यातले एक वळण आहे, आणि माझ्या मते तेच सर्वांत शिकण्यासारखे. ते निघाले होते तांबेरा न लागणारा गहू शोधायला. काही वर्षांच्या तपासणीनंतर त्यांच्या ध्यानात आले की पूर्ण प्रतिकार करणारे, भरपूर पिकणारे आणि चांगले पीठ देणारे, असे सर्व गुण एका झाडात आणणे आपल्या हयातीत कठीण आहे. पण लवकर पिकणाऱ्या गव्हाचा दाणा तांबेरा जोर धरण्यापूर्वीच भरतो. रोगाशी लढण्यापेक्षा रोगाच्या आधी घरी पोचणे, हा दुसरा मार्ग होता. त्यांनी आपले म्हणणे बदलले. ज्या ध्येयासाठी टीका सोसली, त्यालाच मुरड घालणे सोपे नसते. आमच्याकडे पुष्कळदा चरित्रे लिहिताना थोर माणूस पहिल्या दिवशी जे ठरवतो तेच शेवटच्या दिवशी साध्य करतो असे दाखवतात. फॅरर यांच्या बाबतीत तसे लिहिले तर ते खोटे होईल.

पिठाची परीक्षा हा वेगळाच प्रश्न होता. एका झाडाचे मूठभर दाणे गिरणीत नेऊन कसे दळणार? सरकारी रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक गथ्री यांनी लहानशा चक्कीवर अगदी थोडे दाणे दळून पिठाची ताकद मोजण्याची पद्धत बसवली. लॅम्ब्रिगहून छोट्या पुड्या जात आणि गथ्रींचे अहवाल परत येत. त्यामुळे कोणते झाड ठेवायचे आणि कोणते टाकायचे हे पीक वाढवण्याआधीच कळू लागले.

१८८९ पासून नऊ वर्षे हे सगळे काम फॅरर यांनी पदरमोड करून केले. १८९८ साली न्यू साउथ वेल्स सरकारने त्यांना वर्षाला ३५० पौंड पगारावर गव्हाचे प्रयोगतज्ज्ञ नेमले. मग वागा वागा आणि इतर सरकारी शेतांवरही चाचण्या सुरू झाल्या. कमबॅक, बन्यिप, फर्बँक, फ्लॉरेन्स अशी कितीतरी वाणे त्यांनी दिली. फ्लॉरेन्स हे काणी रोगाला दाद न देणारे म्हणून नावाजले. एका वाणाचे नाव 'रेराफ'. इंग्रजीत ते उलटे वाचून पाहा, म्हणजे हा गंभीर माणूस कधीमधी गंमतही करत होता हे कळेल.

फेडरेशन गहू शेतकऱ्यांपुढे आला तेव्हा तो कोणाला पसंत पडेना. ओंबी आखूड, रंग मळकट तपकिरी, ताट ठेंगणे. सोनेरी, डुलणारे शेत पाहायची सवय असलेल्या डोळ्यांना तो आजारीच वाटे. पण ऑस्ट्रेलियात कापणी 'स्ट्रिपर' नावाच्या यंत्राने होत असे. ते उभ्या पिकाच्या ओंब्या विंचरून दाणे काढते, आणि त्याला ताठ, लोळून न पडणारे पीक लागते. फेडरेशन त्यासाठीच जणू घडवला होता. दुष्काळातही तो तगला. पिठाच्या बाबतीत तो फॅरर यांच्या उत्तम वाणांत बसत नव्हता, तरी पदरात धान्य पडते म्हटल्यावर रूप कोण पाहतो? १९१० ते १९२५ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात सर्वाधिक पेरला जाणारा गहू हाच होता.

फॅरर यांनी ते वैभव पाहिले नाही. हृदयविकाराने १६ एप्रिल १९०६ रोजी लॅम्ब्रिग येथे त्यांचे निधन झाले. वय ६१. आपल्या शेतातच त्यांचे दफन झाले.

तांबेऱ्याचे काय झाले? फेडरेशन लवकर पिकून निसटत असे, पण ओला हंगाम आला की त्याला तांबेरा लागे. प्रतिकारशक्ती आईबापांकडून मुलांकडे मेंडेलच्या नियमाने जाते, हे केंब्रिजच्याच रोलंड बिफेन यांनी १९०५ साली गव्हाच्या पिवळ्या तांबेऱ्यावर दाखवून दिले होते. पुढे अमेरिकेत एल्विन स्टॅकमन यांनी तांबेऱ्याच्याही अनेक जाती असतात हे सिद्ध केले. एक वाण एका जातीला पुरे पडते, दुसरी येऊन त्याला खाते. त्या जाती ओळखण्यासाठी स्टॅकमन यांनी गव्हाच्या बारा वाणांचा संच ठरवला आणि त्यात एक 'खपली' होता. होय, ज्याची खीर आपण सणावाराला करतो तीच आपली खपली! ऑस्ट्रेलियात १९३८ साली तांबेरा-प्रतिकारक 'युरेका' गहू आला; चार-पाच वर्षांतच त्याला भेदणारी तांबेऱ्याची जात तयार झाली. म्हणून वाणांची तपासणी एकदा करून संपत नाही. उगारच्या शेतात दर खरिपात ओळी पुन्हा पेराव्या लागतात, त्याचे कारण हेच.

१९३९ साली न्यू साउथ वेल्समधील टॅमवर्थजवळ फॅरर यांच्या नावाने शेतकी विद्यालय सुरू झाले. कॅनबेरातील एका वसाहतीलाही त्यांचे नाव आहे. १९६६ साली ऑस्ट्रेलियाने दोन डॉलरची नवी नोट काढली. तिच्या एका बाजूला मेंढ्यांसह जॉन मॅकार्थर आणि दुसऱ्या बाजूला गव्हाच्या ओंब्यांसह दाढीवाले विल्यम फॅरर होते. १९८८ साली तिच्या जागी नाणे आले. ज्यांना जुन्या नोटा जमवण्याचा छंद आहे त्यांनी ही हिरवी नोट मिळाली तर ओंब्या नीट पाहाव्यात.